पडदा कशानं उचलला गेला?

गडहिंग्लजहून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "माझे वडील ६१ वर्षांचे. डाव्या डोळ्यानं धूसर दिसायला लागलं म्हणून दाखवलं, तर 'पडद्यात पाणी झालंय' म्हणून तीन महिने गोळ्या दिल्या. फरक नाही. मग कोल्हापुरात दाखवलं, तिथं 'पडदा सुटलाय, ऑपरेशन करू' म्हणाले. ऑपरेशनच्या आधी डोळ्याची सोनोग्राफी केली आणि पडद्यामागं ७ मिलिमीटर उंचीची गाठ निघाली. आता मेलॅनोमा नावाचा कॅन्सर आहे, डोळा काढावा लागेल असं सांगतात. पण तुकडा काढून तपासलेलाच नाही. न तपासता कॅन्सर कसा म्हणतात? तीन महिने चुकीचा उपचार झाला का? आणि माझा मुलगा दोन वर्षांचा आहे, त्यालाही तपासून घ्यावं का?"

ताई, आधी तातडीचं सांगतो. डोळा काढायला आज होकार देऊ नका आणि कायमचा नकारही देऊ नका. डोळ्यांच्या कॅन्सरचा स्वतंत्र विभाग जिथं आहे तिथं येत्या दहा-पंधरा दिवसांत दुसरं मत घ्या. मोठ्या माणसातल्या अशा गाठीत दोन आठवड्यांनी फारसं बिघडत नाही, दोन महिन्यांनी मात्र बिघडू शकतं. "एकदा अमक्याचं औषध घेऊन बघू" म्हणत वेळ घालवलेले पेशंट मी वीस-बावीस वर्षांत पुष्कळ पाहिलेत. ते तुमच्या घरी होऊ नये एवढी कळकळ आहे.

आता गाठ आधी कशी दिसली नाही ते. आपल्याकडं पावसाळ्यात भिंतीचा गिलावा फुगतो. कधी वरून भेग पडून पाणी आत शिरलेलं असतं, कधी भिंतीतला नळ गळत असतो. फुगवटा दोन्हींत सारखाच दिसतो. डोळ्याचा पडदा म्हणजे आतला, चित्र टिपणारा पातळ थर. त्याचंही असंच आहे. पडद्याला छिद्र पडलं की डोळ्याच्या पोकळीतलं पाणी त्यातून मागं जातं आणि पडदा सुटतो, याला ऑपरेशन हाच उपाय. पण पडद्याच्या मागं रक्तवाहिन्यांचा एक थर असतो, त्याला कोरॉइड म्हणतात. त्या थरात गाठ असली, सूज असली, क्षयाचा डाग असला, तर तिथून पाणी पाझरतं आणि पडदा न फाटताच उचलला जातो. इथं पडदा चिकटवून उपयोग नाही, कारण गळती खाली चालूच राहते.

दोन्हींतला फरक डोळ्यात बघून बऱ्याचदा कळतो. छिद्रामुळं सुटलेला पडदा सुरकुतलेला, लाटा आल्यासारखा दिसतो आणि शोधलं तर छिद्र सापडतं. पाझरानं उचललेला पडदा गुळगुळीत, फुग्यासारखा असतो आणि त्यामागचं पाणी जागा बदलतं. पेशंटला बसवून बघा, पाणी खाली उतरलेलं असतं. आडवं झोपवून बघा, ते मागं पसरतं. पेशंट स्वतःच कधी कधी सांगतात, "सकाळी उठल्यावर वेगळं दिसतं, दुपारनं वेगळं." एका आजोबांनी मला सांगितलं होतं, "डॉक्टर, डोळ्याम्होरलं काळं मी वळलो की तेबी वळतंय." निम्मं निदान त्या एका वाक्यात होतं. छिद्र सापडत नाही आणि पाणी हलतं, असं असेल तर सोनोग्राफी केल्याशिवाय ऑपरेशनची तारीख देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या सर्जननी ती केली, त्यांचे आभार माना. गाठ असलेल्या डोळ्यात नकळत पडद्याचं ऑपरेशन झालं, तर पेशी डोळ्याबाहेर सांडायचा धोका असतो.

पहिल्या तीन महिन्यांबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर अर्धी चूक समजण्यासारखी आहे, अर्धी नाही. पडद्याच्या मधोमध पाणी साठण्याचा एक आजार फार नेहमीचा आहे. त्याला सेंट्रल सीरस म्हणतात. तो बहुतेक तिशी ते पन्नाशीतल्या पुरुषांत होतो, ताणाशी आणि स्टेरॉइडशी त्याचा संबंध आहे आणि बऱ्याचदा तो आपोआप बरा होतो. ओसीटी म्हणजे पडद्याचा उभा छेद दाखवणारं स्कॅन केलं की मधोमध पाण्याचा फुगवटा दिसतो आणि नाव ठरून जातं. पण ओसीटी नेहमीच्या पद्धतीनं पडद्याचा मधला छोटा तुकडाच दाखवतं. गाठ कडेला असली आणि पाणी मधोमध येऊन साठलं, तर चित्रात फक्त पाणी येतं, गाठ चौकटीबाहेर राहते. साठी ओलांडलेल्या माणसात हा आजार पहिल्यांदाच निघाला, तर मी तरी त्या नावावर लगेच विश्वास ठेवत नाही.

कडेची गाठ बघायला डोळ्यात औषध घालून बाहुली मोठी करावी लागते. इथं आपल्या भागातली एक साधी अडचण आड येते. गडहिंग्लज, आजरा, राधानगरीहून माणूस एकटा मोटारसायकलवर आलेला असतो. बाहुली मोठी केली की चार-पाच तास धूसर दिसतं, परत जायचं कसं? मग तो म्हणतो, "पुढच्या वेळी करू." डॉक्टरही गर्दीत असतात, तेही हो म्हणतात. पुढची वेळ महिन्यानं येते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत नेमकं काय झालं ते मला माहीत नाही. पण तीन महिने फरक पडत नसताना बाहुली मोठी करून पूर्ण पडदा बघितला गेला नसेल, तर तो मात्र समर्थन करण्यासारखा भाग नाही. डोळ्याच्या तपासणीला येताना सोबत कुणाला तरी आणा, हे मी प्रत्येकाला याच कारणासाठी सांगतो.

माझ्या हातून झालेली चूकही सांगतो, कारण ती मला अजून बोचते. बऱ्याच वर्षांपूर्वी इचलकरंजीकडच्या एक बाई आल्या होत्या, पन्नाशीच्या आतल्या. मधोमध पाणी. मी तोच सेंट्रल सीरस समजून गोळ्या दिल्या. सहा आठवड्यांनी आल्या तेव्हा दुसऱ्या डोळ्यातही सुरुवात झाली होती. बाहुली मोठी करून नीट बघितलं तर पडद्याखाली सायीसारखे पिवळट, पसरट डाग. मग विचारलं, कधी मोठं ऑपरेशन झालंय का? त्या गप्प. सोबतची सून म्हणाली, "चार वर्षांपूर्वी छातीतली गाठ काढलीय." सासूबाईंनी ते कुणालाच सांगू नको म्हणून बजावलं होतं. स्तनाचा कॅन्सर डोळ्यात उतरला होता. मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या पेशंटला, बाई असो वा पुरुष, मी वेगळ्या शब्दांत दोनदा विचारतो: कॅन्सर झाला होता का, आणि शरीरात कुठली गाठ काढली होती का? पहिल्याला "नाही" म्हणणारे दुसऱ्याला "हो" म्हणतात.

ही गोष्ट तुमच्याशी थेट जोडलेली आहे. मोठ्या माणसाच्या डोळ्यातला सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर मेलॅनोमा नाही, तो दुसरीकडून आलेला कॅन्सर आहे. बायकांत बहुतेक स्तनातून, पुरुषांत बहुतेक फुप्फुसातून. आणि डोळ्यात अशी गाठ सापडलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांना मूळ कॅन्सर आहे हे तोवर माहीतच नसतं. मेलॅनोमा म्हणजे काळं रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर, तो गोऱ्या कातडीच्या लोकांत जास्त. पाश्चात्त्य देशांत वर्षाला दर १० लाखांत पाच-सहा जणांना होतो, आपल्याकडं त्याहून कितीतरी कमी. कमी म्हणजे होतच नाही असं नाही, मी स्वतः पाहिलेत. पण वडिलांच्या छातीचा सीटी आणि पोटाची सोनोग्राफी झाली नसेल, तर डोळ्याबद्दल काहीही ठरवायच्या आधी ती करा. विडी-तंबाखू असेल तर नक्कीच. मेलॅनोमा असला तरी ही तपासणी लागतेच, कारण तो पसरला तर बहुधा आधी यकृतात पसरतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तुकडा न काढता कॅन्सर कसा म्हणतात?

शरीरात इतरत्र गाठ असली की तुकडा काढून तपासणं हा नियम, आणि तुम्ही तो धरून विचारलंत ते बरोबरच आहे. डोळा मात्र वेगळा आहे. सुई घातली तर रक्तस्राव होऊ शकतो, पडदा फाटू शकतो, पेशी सुईच्या वाटेनं बाहेर येऊ शकतात. शिवाय इथं एक सोय आहे जी पोटात किंवा छातीत नाही. डोळ्याची खिडकी स्वच्छ असते, आणि गाठ तिच्या रंगावरून, आकारावरून, आवाजाला ती कसा प्रतिसाद देते त्यावरून ओळखता येते.

आवाज म्हणजे सोनोग्राफी. मेलॅनोमाची गाठ आतून एकसारखी असते, तिच्यातून आवाज फार परतत नाही, म्हणून चित्रात ती काळसर, पोकळ वाटते. वाढताना ती वरचं पातळ आवरण फोडते आणि अळंबीसारखी होते: खाली रुंद, मध्ये चिमटलेली, वर पुन्हा फुगलेली. तो आकार दिसला तर शंकेला फारशी जागा उरत नाही. रक्तवाहिन्यांची साधी गाठ, हिमँजिओमा, नारिंगी-लालसर असते आणि सोनोग्राफीत आतून भरीव, उजळ दिसते. ती कॅन्सर नव्हे, पण तीसुद्धा सेंट्रल सीरस म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या खाऊन बसलेली मी पाहिलीय. दुसरीकडून आलेल्या कॅन्सरची गाठ पसरट, वरून ओबडधोबड, आणि गाठ लहान पण पाणी भरपूर असा प्रकार. डोळ्याच्या पांढऱ्या भागाला मागून सूज आली, तर डोळा ठणकतो आणि सोनोग्राफीत मागं पाण्याची रेघ दिसते, डोळ्याकडून मेंदूकडं जाणाऱ्या नसेसकट तिचा आकार आडव्या-उभ्या 'टी'सारखा होतो. त्याला गोळ्यांनी आराम पडतो, डोळा काढायचा प्रश्नच येत नाही. वयस्कर माणसात पडद्याच्या कडेला रक्त साचून काळी गाठ झाल्यासारखी दिसते. तिचं लक्षण हे की ती काही आठवड्यांनी आकसते. मेलॅनोमा आकसत नाही.

मेलॅनोमाचं सोंग घेणाऱ्या या गाठी किती फसवतात याचा पुरावा आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत फेरी नावाच्या डॉक्टरांनी मेलॅनोमा असल्याच्या संशयावरून काढलेल्या डोळ्यांचा अभ्यास छापला. त्यातल्या जवळजवळ पाचातल्या एका डोळ्यात मेलॅनोमा नव्हताच! पुढं सोनोग्राफी आली, डोळ्याच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी आली, या गाठी रोज बघणारी केंद्रं उभी राहिली. १९९० मध्ये तिकडच्याच एका मोठ्या अभ्यासात काढलेले डोळे प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा चुकीचं निदान एक टक्क्याहूनही कमी निघालं. म्हणून अनुभवी केंद्र तुकड्याशिवाय मेलॅनोमा म्हणतं, तेव्हा ते हवेत बोलत नसतं.

पण हे आकडे मी आपल्याकडं जसेच्या तसे लावत नाही. त्या देशांत क्षय कमी. आपल्याकडं कोरॉइडमधली क्षयाची गाठ हा खरा दावेदार आहे. पिवळट, उंच, वर पाणी, हुबेहूब कॅन्सरसारखी. मिरज-जयसिंगपूर पट्ट्यातल्या एका तरुणाला डोळा काढायला सांगितलं होतं. छातीच्या सीटीत गाठी निघाल्या, क्षयाची औषधं सुरू झाली आणि डोळ्यातली गाठ महिन्याभरात उतरायला लागली. त्याचा डोळा आजही आहे. म्हणून मांटू (कातडीत टोचून करायची क्षयाची चाचणी) किंवा टीबी गोल्ड (क्षयाची रक्तचाचणी) आणि छातीचा सीटी झाल्याशिवाय आपल्याकडं कुणाचाही डोळा काढू नये असं मला वाटतं. उलटही होतं हे लक्षात ठेवा. टीबी गोल्ड नुसता पॉझिटिव्ह आला म्हणजे गाठ क्षयाचीच असं नाही. आपल्या देशात धडधाकट माणसांतही तो बऱ्याचदा पॉझिटिव्ह येतो. क्षयाची औषधं सुरू करून गाठीची उंची मोजलीच नाही, तर कॅन्सरला आयता वेळ मिळतो.

सगळं करूनही शंका उरलीच, तर मोठ्या माणसात बारीक सुईनं पेशी काढून तपासता येतात. ते काम मात्र रोज करणाऱ्यानंच करावं. एक एमआरआयही उपयोगी पडतो: काळं रंगद्रव्य असलेली गाठ त्याच्या एका प्रकारच्या चित्रात उजळ आणि दुसऱ्यात काळी दिसते.

मेलॅनोमाच ठरला, तरी डोळा काढणं हा एकमेव मार्ग नसतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं का ते कळलं नाही. मध्यम आकाराच्या गाठीवर डोळ्याच्या बाहेरच्या भिंतीला किरणोत्सर्गी चकती काही दिवस शिवून ठेवतात. १३१७ पेशंटच्या अमेरिकी अभ्यासात चकती लावलेले आणि डोळा काढलेले, दोघांच्या आयुष्यमानात फरक आढळला नाही. आपल्याकडं भाभा अणुसंशोधन केंद्रानं रुथेनियमच्या चकत्या तयार केल्यात. अडचण अशी की रुथेनियमचे किरण फार खोल जात नाहीत, साधारण ५-६ मिलिमीटर उंचीपर्यंत ते चांगले. वडिलांची गाठ ७ आहे, म्हणजे काठावर. तळाची रुंदी किती आणि ती नसेपासून किती लांब, यावर ठरेल. म्हणून दुसरं मत घेताना थेट विचारा, "चकती चालेल का, नसेल तर का नाही?" आणि समजा काढावाच लागला, तर कृत्रिम डोळा हल्ली इतका नेमका बसतो की समोरच्याला कळतही नाही. शेती, दुकान, नातवंडं, सगळं एका डोळ्यावर चालतं. वडिलांना हे आत्ताच सांगून ठेवा. न सांगता ऑपरेशनला नेलेली माणसं मनानं खचतात.

आणखी एक सोंग थोडक्यात. पन्नाशीनंतर दोन्ही डोळ्यांत ढगाळपणा, सूज समजून स्टेरॉइड दिलं की बरं, बंद केलं की पुन्हा, असं चक्र चालू असेल तर ते डोळ्यातलं लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर असू शकतं. तिथं डोळ्यातलं पाणी तपासावंच लागतं आणि मेंदूचा एमआरआयही. वडिलांच्या गाठीशी याचा संबंध नाही.

आता तुमच्या मुलाबद्दल. आजोबांच्या मेलॅनोमामुळं त्याला वेगळा धोका जवळजवळ नाही, हा आजार सहसा घराण्यातून येत नाही. पण तुम्ही विचारलंत हे चांगलं झालं, कारण लहान मुलांच्या डोळ्यातली गाठ वेगळीच असते आणि तिथं दोन आठवडेसुद्धा दवडायचे नसतात. तिचं नाव रेटिनोब्लास्टोमा. साधारण १५ ते २० हजार जन्मांत एका बाळाला होते, बहुतेक पाच वर्षांच्या आत. लवकर सापडली तर मूल वाचतं, बऱ्याचदा डोळाही वाचतो. उशीर झाला तर ती नसेवाटे मेंदूकडं जाते.

तिची खूण आया आधी ओळखतात. "बाळाच्या डोळ्यात मांजरागत चमकतंय," असं म्हणत येतात. मोबाइलच्या फ्लॅशमध्ये एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी दिसते. दुसरी खूण म्हणजे नव्यानं आलेला तिरळेपणा. घरात सासू-आजी म्हणतात, "लहानपणी असतंय थोडं, जाईल." बाळ सहा महिन्यांचं झाल्यानंतरचा तिरळेपणा आपोआप जाईल म्हणून थांबू नये, पडदा तपासल्याशिवाय तर नाहीच.

इथंही सोंगं आहेत. कोट्स नावाच्या आजारात पडद्याच्या रक्तवाहिन्या गळतात. तो बहुतेक मुलग्यांना, एकाच डोळ्यात होतो आणि बाहुलीतली चमक पांढऱ्यापेक्षा पिवळसर असते. जन्मजात एका दोषात डोळाच दुसऱ्यापेक्षा लहान असतो. कुत्र्याच्या पोटातल्या जंतामुळंही पडद्यावर पांढरी गाठ होते. रेटिनोब्लास्टोमात सोनोग्राफीत चुन्याचे कण चमकतात आणि त्यांच्यामागं सावली पडते, बाकीच्यांत ते सहसा नसतात. चूक दोन्ही बाजूंनी होते: कोट्सचा डोळा कॅन्सर म्हणून काढला जातो आणि कॅन्सरचा डोळा मोतीबिंदू, पू किंवा सुटलेला पडदा समजून उघडला जातो. यातली दुसरी चूक फार जीवघेणी. लहान मुलाच्या डोळ्यात आत काय आहे हे स्पष्ट दिसत नसेल, तर रेटिनोब्लास्टोमा नाही हे ठरेपर्यंत त्या डोळ्याला सुईसुद्धा लावायची नाही, तपासायलाही नाही. आणि तपासणी करायची ती एमआरआयनं, सीटीनं नको. ज्या मुलांत हा आजार जन्मजात जनुकदोषानं आलेला असतो, त्यांना किरणांनी पुढं दुसरा कॅन्सर व्हायचा धोका वाढतो.

तुमच्या मुलाचा एक फोटो आज रात्री मंद उजेडात फ्लॅश लावून काढा, समोर बघताना. दोन्ही बाहुल्या सारख्या लाल आल्या तर बरं. एक वेगळी आली तर उद्याच दाखवा. फोटो तिरका असेल तर निरोगी डोळाही पांढरा चमकतो, म्हणून लगेच घाबरू नका, पण दाखवा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्यापुढंही त्याला उभं करा. आणि वडिलांना दाखवायला न्याल तेव्हा त्यालाही सोबत न्या, त्याच फेरीत बाहुली मोठी करून पडदा बघून होईल.

खर्चाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा आणि कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जिथं जाणार त्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा. मुंबईला जायचं ठरलं तर परळचं टाटा मेमोरियल आहे, महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघालात की सकाळी पोहोचता. हैदराबाद आणि चेन्नईच्या मोठ्या नेत्रसंस्थांतही हे विभाग आहेत.

जाताना सोनोग्राफीचा नुसता कागदी रिपोर्ट नेऊ नका, मशीनवरची मूळ चित्रं आणि जमलं तर व्हिडिओ पेनड्राइव्हवर मागून घ्या. गाठीची उंची आणि तळाची रुंदी दोन्ही लिहून घ्या. पहिल्या तीन महिन्यांतले ओसीटीही न्या, ते टाकून देऊ नका. त्या वेळी गाठीची कड कुठं दिसत होती का आणि ती तेव्हापासून किती वाढली, हे तिथला डॉक्टर सर्वांत आधी त्यातच शोधेल. सोबत गाडी चालवणारं कुणीतरी असू द्या, दोघांच्याही बाहुल्या मोठ्या करणार आहेत.